माडाच्या बागेतून लेनिनग्राडला
धर्मानंद कोसंबी यांचे अल्प चरित्र

आपल्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे असा रिवाज आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली. माझे वाचन म्हणजे दुपारची भांडी आवरून झाल्यावर जेवढे होईल तेवढेच. तेव्हा थोरामोठ्यांविषयी मी काय लिहावे, असा संकोच प्रथम वाटला. पण ज्यांच्याविषयी लिहायचे ठरवले त्यांचे शाळेतले शिक्षण माझ्याहून फारसे जास्त नव्हते, हे ध्यानात आले आणि धीर चढला. त्यांचे नाव आचार्य धर्मानंद कोसंबी.

हेच नाव का निवडले ते आधी सांगते. आपल्या कात्रजमधली एक मुलगी सध्या रशियन भाषा शिकते आहे. त्या देशाचे आणि युरोपचे वाङ्मय, इतिहास, चालीरीती हेही तिच्या अभ्यासात आहे. तिने हा विषय घेतल्यापासून गल्लीत पुष्कळ चर्चा चालली आहे. कुणी म्हणते, हे शिकून पोट भरेल का. कुणी म्हणते, मुलीच्या जातीला इतक्या लांबची भाषा कशाला; त्यापेक्षा बँकेची परीक्षा द्यावी. मुलीच्या आईला दोन्ही बाजूंनी ऐकावे लागते. या चर्चेत मी काही बोलले नाही. पण घरी येऊन विचार केला, की आपल्या मराठी माणसांत पूर्वी कुणी रशियन शिकले होते का, आणि शिकून त्यांनी काय केले. विचारपूस करता करता धर्मानंदांचे नाव पुढे आले. त्यांचे निवेदन नावाचे आत्मचरित्र 1924 साली प्रसिद्ध झाले आहे. ते मी वाचनालयातून आणून वाचले. पुढचे त्यांच्याविषयीच्या इतर लिखाणातून समजले. जे समजले ते आपल्या साध्या भाषेत मांडते.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यात, साखवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घरची भाषा कोंकणी, शिक्षण मराठीतून, आणि तेही थोडेच. प्रकृती किरकोळ. घरच्या माडांच्या बागेची देखभाल करणे हे त्यांचे काम. नारळ मोजावेत, पाणी लावावे, गडी माणसांवर लक्ष ठेवावे, आणि उरलेल्या वेळात हाती येईल ते वाचावे. सोळाव्या वर्षी लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे सर्व काही वेळेवर चालले होते.

पण मन संसारात रमेना. तुकाराममहाराजांच्या गाथेने त्यांना वेड लावले. पुढे बालबोध नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचे छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. मुलांसाठी लिहिलेली ती चार पाने, पण त्या पानांनी एका बागाईतदाराचे आयुष्य फिरवले. या बुद्धाचे खरे सांगणे काय होते ते मुळातून कळले पाहिजे, असा त्यांनी ध्यास घेतला. त्यासाठी आधी संस्कृत हवे, आणि संस्कृत गावात कोण शिकवणार?

1899 च्या अखेरीस, तेवीस वर्षांचे असताना, धर्मानंदांनी घर सोडले. मागे बाळाबाई आणि लहानगी माणिक.

भगिनींनो, इथे मी वाचताना थांबले. पुरुषांनी लिहिलेल्या चरित्रांत अशा प्रसंगी ज्ञानाची तळमळ, वैराग्य, त्याग असे मोठे शब्द येतात. ते खोटे नाहीत. पण कडेवर मूल घेऊन दारात उभी राहिलेली बाई मला त्या शब्दांच्या मागे दिसत राहिली. धर्मानंदांचे चरित्र सांगायचे तर बाळाबाईंना बाजूला सारून सांगता येणार नाही, असे मला तेव्हाच वाटले. म्हणून जागोजाग त्यांचीही आठवण ठेवून लिहिते आहे.

धर्मानंद प्रथम आले ते आपल्या पुण्यातच. त्या वर्षांत पुण्यात प्लेगचा कहर होता. इथे त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर भेटले. संस्कृतचे एवढे मोठे पंडित, पण या अनोळखी तरुणाची त्यांनी विचारपूस केली. प्रार्थना समाजात त्यांची राहण्याची सोय झाली. तरी हवे तसे संस्कृत शिकायला काशीच गाठली पाहिजे असे ठरवून धर्मानंद ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्रीबुवांपाशी व्याकरण घोकायचे. अन्नछत्रातले जेवण म्हणजे काय ते आपण जाणतो; वेळेवर पोचले तर मिळाले, नाही तर उपास. थंडीत पुरेसे पांघरूण नाही, खिशात पैसा नाही. तशात त्यांनी संस्कृत पक्के केले.

1902 साली ते नेपाळात गेले. बुद्धाचा धर्म तिथे जिवंत सापडेल अशी आशा होती. ती फळली नाही. मग बुद्धगया, तिथून कलकत्ता, आणि त्याच वर्षी समुद्र ओलांडून सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्य नावाचे वृद्ध महास्थविर होते. त्यांच्या पायाशी बसून धर्मानंद पाली भाषा शिकले. बुद्धाची वचने या पालीत आहेत. आपल्याकडे ती भाषा शेकडो वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती. सिंहलद्वीप, ब्रह्मदेश आणि सयाम इथल्या विहारांनी ती सांभाळली. आपलीच वस्तू शेजारणीकडे ठेवायला दिली आणि विसरून गेलो, असे ते झाले होते. धर्मानंद ती परत आणायला गेले. तिथे त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे मद्रास आणि ब्रह्मदेश झाला, भिक्षूच्या वस्त्रांत राहून ध्यानधारणा झाली.

पाली पुस्तकांची लिपी हा एक वेगळाच खटाटोप. सिंहलात ती सिंहली अक्षरांत लिहिलेली, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या गोल गोल अक्षरांत. भाषा एक, पण प्रत्येक देशात लिपी दुसरी. धर्मानंदांनी त्या लिप्या शिकून घेतल्या. इंग्रजीही शाळेत जाऊन नव्हे, स्वतः पुस्तके चाळून शिकले. एक भाषा आली की दुसरीचे भय कमी होते, हे त्यांच्या चरित्रात जागोजाग दिसते.

1906 मध्ये ते कलकत्त्याला आले. बंगालच्या फाळणीने तिथे स्वदेशीची चळवळ पेटली होती आणि राष्ट्रीय महाविद्यालय निघाले होते. धर्मानंदांनी भिक्षूची वस्त्रे उतरवली आणि पाली शिकवायला सुरुवात केली. कलकत्ता विद्यापीठातही पाली शिकवली. सात वर्षांनी ते गोव्यात घरी गेले. माणिक आता सात वर्षांची झाली होती. 31 जुलै 1907 रोजी मुलगा झाला, त्याचे नाव आजोबांवरून दामोदर ठेवले. पुढे मनोरमा आणि कमला या दोन मुली झाल्या.

सात वर्षे म्हणजे किती, ते आपण बायकाच सांगू शकतो. नवरा कुठे आहे, कसा आहे, येणार की नाही, या विचारात सणवार करायचे, लोकांना तोंड द्यायचे आणि मुलीला वाढवायचे. नवरा परत आला म्हणून त्या सात वर्षांचा हिशेब पुरा होत नाही. तरी एक गोष्ट धर्मानंदांच्या बाजूने सांगितली पाहिजे. पुढे त्यांनी जी विद्या मिळवली ती मुलांपासून, आणि विशेषतः मुलीपासून, राखून ठेवली नाही. ते पुढे येईलच.

कलकत्त्याची नोकरी चांगल्या पगाराची होती. पण आपल्या मराठी लोकांत बौद्ध वाङ्मय यावे ही त्यांची इच्छा. बडोद्याचे सयाजीराव महाराज गुणी माणसांना ओळखणारे. त्यांनी धर्मानंदांना दरमहा 50 रुपये देण्याचे कबूल केले. अट एवढीच, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. धर्मानंदांनी मोठा पगार सोडून हे 50 रुपये पत्करले आणि पुण्याला आले. पन्नास रुपयांत घर चालवणे कुणाच्या वाट्याला आले असेल ते वेगळे सांगायला नको. याच सुमारास बुद्ध, धर्म आणि संघ हे त्यांचे व्याख्यानांचे पुस्तक निघाले.

पुण्यात असताना नशिबाने दुसरेच दार उघडले. अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातले वुड्स नावाचे प्राध्यापक हिंदुस्थानात आले होते. त्यांच्या विद्यापीठात विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाचे काम अर्धवट पडले होते. हा ग्रंथ पाचव्या शतकात बुद्धघोष नावाच्या आचार्यांनी सिंहलद्वीपात लिहिला. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने तो छापण्यासाठी तयार करायला घेतला आणि काम संपण्यापूर्वीच त्याला मृत्यू आला. ते पुरे करणारा पाली पंडित हवा होता. ज्याच्याजवळ मॅट्रिकचेही सर्टिफिकीट नाही असा गोव्याचा बागाईतदार 1910 साली हार्वर्डला जाऊन बसला, तो असा.

तिथे दोन वर्षे त्यांनी मन लावून काम केले. सिंहली आणि ब्रह्मी प्रती समोर ठेवायच्या, शब्दाशब्दाला ताडून पाहायचे, चूक कोणती आणि खरे कोणते ते ठरवायचे. तांदूळ निवडण्यासारखे काम, फक्त पोते संपत नाही. पण ग्रंथावर संपादक म्हणून कुणाचे नाव घालावे यावरून तिथल्या लॅनमन या वडीलधाऱ्या प्राध्यापकांशी मतभेद झाला. धर्मानंद स्वाभिमानी. कष्ट माझे आणि नाव दुसऱ्याचे हे त्यांना मान्य होईना. 1912 मध्ये ते परत आले.

1912 ते 1918 ही सहा वर्षे ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळावे म्हणून त्यांनी आणि भांडारकरांनी खटपट केली होती. आता शिकवणारा आला, तसे शिकणारेही आले. पु. वि. बापट, ना. के. भागवत असे त्यांचे विद्यार्थी पुढे स्वतः मोठे पाली पंडित झाले. 1914 साली बुद्धलीलासारसंग्रह हे बुद्धाच्या कथांचे पुस्तक निघाले. ते सोपे आहे. आपल्यापैकी कुणालाही वाचता येईल.

1918 मध्ये हार्वर्डने पुन्हा बोलावले. या खेपेला त्यांनी एकोणीस वर्षांची माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेले. बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन इकडेच राहिल्या. त्या काळात एकोणीस वर्षांच्या मुलीचे लग्न झाले नाही तर समाज काय बोलत असेल याची कल्पना करा. धर्मानंदांनी तिला बोटीत बसवून अमेरिकेला नेले आणि हार्वर्डच्या शेजारच्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजात घातले. घर सोडताना जी लहानगी मागे राहिली होती, तीच आता बापाबरोबर महासागर ओलांडत होती. ही गोष्ट वाचली तेव्हा माझा धर्मानंदांवरचा राग थोडा निवळला. दामोदरही तिथेच शिकला आणि 1929 मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजला. त्याचे बरेच आयुष्य आपल्या पुण्यात गेले आणि 1966 साली पुण्यातच तो वारला.

आता रशियनकडे येते. हार्वर्डच्या मुक्कामात धर्मानंदांच्या मनात समाजवादाविषयी कुतूहल उत्पन्न झाले. 1917 साली रशियात राज्यक्रांती झाली होती. राजा गेला, मजुरांचे आणि शेतकऱ्यांचे राज्य आले, असे सगळीकडे बोलले जात होते. बुद्धाने माणसाच्या दुःखाचे कारण शोधले. हे नवे लोक गरिबाच्या दुःखाचे कारण शोधतात असे म्हणतात, तर ते काय आहे ते त्यांच्याच भाषेतून पाहावे, असे त्यांना वाटले असले पाहिजे. त्यांची सवयच तशी होती. बुद्ध कळावा म्हणून पाली शिकले, तसे आता रशियन शिकले. कोंकणी, मराठी, संस्कृत, पाली, इंग्रजी यांच्या ओळीत आणखी एक भाषा आली.

ही भाषा कशी असते म्हणून मी आपल्या त्या मुलीला विचारले. तिने मला वहीतच दाखवले. रशियन वर्णमालेत 33 अक्षरे आहेत. त्यांतली काही इंग्रजीसारखी दिसतात आणि फसवतात. इंग्रजीतल्या पीसारखे दिसते ते र, एचसारखे दिसते ते न, बीसारखे दिसते ते व. पण कान देऊन ऐकले तर ओळखीचे शब्द भेटतात. आपण दोन म्हणतो, ते द्वा म्हणतात. आपण तीन, ते त्री. भाऊ म्हणजे ब्रात, तो आपल्या संस्कृत भ्रात्याचाच सोयरा. विधवेला व्दोवा म्हणतात. अग्नीला अगोन. चहाला तर चायच. आपल्यासारखी तीन लिंगे आहेत, आणि शाळेत आपण घोकल्या तशा विभक्तीही आहेत, फक्त सहाच. एवढे ऐकल्यावर मला ती भाषा लांबच्या नात्यातल्या, पण कधी न भेटलेल्या मावशीसारखी वाटू लागली.

आणि रशियाचे आपल्याशी नाते आजचे नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून आपल्या जुन्नरला आला. पावसाळाभर तो तिथे राहिला होता. पुढे पीटर्सबर्ग शहरातून संस्कृतचा प्रचंड कोश निघाला. 1855 ते 1875 अशी वीस वर्षे त्याचे सात खंड छापत होते. मिनायेव नावाचे रशियन पंडित एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात येऊन गेले आणि त्यांनी पालीचे व्याकरण लिहिले. रशियाच्या राज्यात बुर्यात आणि काल्मिक हे बौद्ध लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, आणि खुद्द पीटर्सबर्गात 1915 साली बौद्ध मंदिर उभे राहिले. तेव्हा तिथल्या विद्वानांना बौद्ध धर्माचा अभ्यास करावासा वाटला यात नवल नाही.

याच मिनायेवांचे शिष्य श्चेरबात्स्की. त्यांच्या पुढाकाराने 1928 मध्ये लेनिनग्राडला बौद्ध संस्कृतीची संस्था निघाली. लेनिनग्राड म्हणजे तेच जुने पीटर्सबर्ग; 1991 पासून त्याला पुन्हा जुने नाव मिळाले आहे. 1929 साली धर्मानंद तिथे पाली शिकवण्यासाठी गेले. पन्नाशी उलटलेली, प्रकृती नाजूक, जन्म माडांच्या सावलीत झालेला, आणि जायचे कुठे, तर जिथे हिवाळ्यात नदी गोठून लोक तिच्यावरून चालतात अशा गावी. इंग्रज सरकारला रशियाचे नावही सहन होत नव्हते, तरी ते गेले. बुद्धाच्या देशातला माणूस रशियन विद्यार्थ्यांना बुद्धाची भाषा शिकवतो आहे, हे चित्र मला फार आवडते. ज्यांना वाटते की परकी भाषा शिकणारे मूल आपल्यापासून दूर जाते, त्यांनी हे चित्र पाहावे. धर्मानंद जिथे गेले तिथे आपलेच धन उघडून बसले.

1930 मध्ये ते परतले, आणि परतताच देशाच्या कामात पडले. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता. त्याआधी 1922 पासून काही वर्षे त्यांनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काम केले होते, त्यामुळे गांधीजींशी परिचय होता. हार्वर्ड आणि लेनिनग्राडचे हे प्राध्यापक कोकणात शिरोड्याच्या सत्याग्रहात सामील झाले आणि पुढे ठाण्याच्या तुरुंगात गेले. सुटल्यावर हार्वर्डला शेवटची फेरी झाली. मग काशीत काही काळ अध्यापन झाले. नंतर मुंबईत परळ भागातल्या मजूरवस्तीत त्यांनी बहुजन विहार काढला. मोठ्या विद्यापीठांत जे शिकवले ते गिरणीतल्या माणसांनाही कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह.

त्यांचे भगवान बुद्ध हे पुस्तक 1940 च्या सुमारास दोन भागांत निघाले. पुढे हिंदुस्थानच्या अनेक भाषांत त्याचे भाषांतर झाले. त्यात त्यांनी एक वेगळा विचार मांडला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून बुद्धाने घर सोडले अशी कथा आपण ऐकतो. धर्मानंदांच्या मते खरे कारण दुसरे होते. शाक्य आणि कोलिय या दोन शेजारच्या लोकांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शस्त्रे उचलण्याची वेळ आली. ते बुद्धाला मान्य नव्हते, म्हणून त्याने घर सोडले. पाण्याचा तंटा आम्हा कात्रजकरांना समजावून सांगायला नको. नानासाहेब पेशव्यांनी इथे तलाव बांधून पाणी शहराला नेले त्याला पावणेतीनशे वर्षे होत आली, आणि आजही टँकरभोवती शब्दाला शब्द लागतोच. म्हणून हा विचार मला घरचा वाटला. बोधिसत्त्व नावाचे नाटकही त्यांनी याच विषयावर लिहिले. पालीत त्यांनी स्वतः टीका लिहिली, तिचे नाव नवनीत. आपल्याला लोणी म्हणजे काय ते ठाऊक आहे. किती वेळ घुसळावे लागते तेही ठाऊक आहे.

ज्या विसुद्धिमग्गासाठी चार वेळा अमेरिका केली, त्याची देवनागरीतली आवृत्ती 1940 मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची आवृत्ती मात्र 1950 साली निघाली. वॉरन यांच्या नावाबरोबर तिच्यावर धर्मानंदांचेही नाव आहे. ते पाहायला धर्मानंद उरले नव्हते.

शेवटच्या दिवसांत शरीर फार थकले होते. आता आपल्या हातून कुणाचे काम होणार नाही, उलट इतरांना आपली सेवा करावी लागेल, असे त्यांना वाटू लागले आणि अन्न सोडून देह ठेवावा असा निश्चय त्यांनी केला. जैन लोकांत याला सल्लेखना म्हणतात. गांधीजींच्या सांगण्यावरून ते सेवाग्रामला राहिले. तिथे सुमारे महिनाभराच्या उपवासानंतर 4 जून 1947 रोजी त्यांनी देह ठेवला. स्वातंत्र्य अवघे अडीच महिन्यांवर आले होते. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली. हा निश्चय बरोबर की चूक ते माझ्यासारखीने ठरवू नये. घरात आजारी म्हातारे माणूस असले तर त्याची सेवा हे ओझे नव्हे, असे मात्र मला वाटते, आणि ते त्यांना कुणी सांगितले असते तर बरे झाले असते असेही वाटते.

भगिनींनो, हे चरित्र वाचून मी पुष्कळ दिवस विचार करीत होते. धर्मानंद मोठे झाले त्यात शंका नाही. पण तेवीस वर्षांचा पुरुष घर सोडून गेला तर त्याला मुमुक्षू म्हणतात. बाळाबाईंनी तसे केले असते तर काय म्हटले असते? विद्येची तहान बाईलाही लागते. आपल्यापैकी कितीजणींची शाळा सातवीला सुटली! कुणाची धाकट्या भावंडांसाठी, कुणाची लग्नासाठी. घर सोडून जाणे आपल्याला साधले नसते आणि साधावे असेही मी म्हणत नाही. मी म्हणते ते एवढेच, की घरातल्या एकाने शिकायचे तर त्याची किंमत सगळ्या घराने मिळून भरावी, एकट्या बाईवर टाकू नये.

आणि ती किंमत वाया जात नाही, याचा पुरावा कोसंबींच्याच घरात आहे. बाळाबाईंची नात, दामोदररावांची मुलगी मीरा कोसंबी. त्या समाजशास्त्राच्या विदुषी, मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्रियांविषयीच्या संशोधनाचे केंद्र चालवीत. पंडिता रमाबाईंवर त्यांनी मोठे काम केले, आणि आजोबांचे निवेदन इंग्रजीत आणून 2010 साली त्यांचे निवडक लेखन जगापुढे ठेवले. 2015 मध्ये त्या वारल्या. आजोबांनी पाली पुस्तके परत आणली, नातीने आजोबांना जगापुढे आणले. दारात उभ्या राहिलेल्या बाळाबाईंपासून मीराताईंपर्यंत तीनच पिढ्या झाल्या.

आपल्या गल्लीतली मुलगी फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला जाते. ज्या कॉलेजात धर्मानंदांनी सहा वर्षे पाली शिकवली ते कॉलेज त्याच रस्त्यावर आहे. कात्रजहून दोन बस बदलून जाते, संध्याकाळी अंधार पडल्यावर परतते. रशियन शिकून तिला काय मिळेल ते आज कुणाला सांगता येणार नाही. भाषांतराचे काम मिळेल, शिकवण्याचे मिळेल, कदाचित दुसरेच काही करील. धर्मानंदांनी बालबोध मासिक उघडले तेव्हा त्यांनाही लेनिनग्राड दिसत नव्हते. तिच्या आईला माझे सांगणे आहे, की लोक बोलतील ते ऐकून सोडून द्यावे. मुलगी उशिरा आली तर तिच्या ताटावर झाकण ठेवावे, आणि दळण आणण्याचे काम परीक्षेपुरते तिच्या भावाकडे द्यावे.

मंडळाच्या पुस्तकपेटीत निवेदन आणि भगवान बुद्ध ही दोन पुस्तके यंदा घ्यावीत अशी सूचना मी करते. ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी बुधवारच्या बैठकीत मी थोडे थोडे वाचून दाखवीन.